उसने डोळे

कंपाउंडरबाई दर मंगळवारी अर्धा दिवस काम करून पुलापलीकडे बहिणीकडे जात. त्या मंगळवारी त्या बसस्थानकाच्या फाटकातून आत शिरल्या, तोच दोन महिला पोलीस त्यांच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, मागून कोणी बडा माणूस येतोय आणि आपण त्याच्या वाटेत आलोय. त्या बाजूला सरकल्या. दोघीही सरकल्या.

"मावशी, जरा आत चला."

"का? काही पडलं का माझं?"

"पडलं नाही. चला तर खरं."

तिकीट खिडक्यांच्या मागे एक खोली होती. पूर्वी तिथे प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू ठेवत. फळीवर चार बेवारशी छत्र्या अजून होत्या. त्यांच्याखाली आता नवे पडदे लावलेले, आणि प्रत्येक पडद्यावर फाटकातून आत येणारी माणसं. माणूस आत आला की त्याच्या चेहऱ्याभोवती चौकट उमटे, क्षणभर राही आणि विझे. खुर्चीत एक जाडसर हवालदार बसला होता. त्याने बाईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं.

"मास्क काढा."

बाईंनी काढला. त्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कामाला होत्या. दिवसभर केस, भुसा आणि औषधांचा उग्र वास. त्यात दवाखान्यापासून स्थानकापर्यंतचा रस्ता नळ टाकण्यासाठी खणून ठेवलेला, म्हणून घरी पोचेपर्यंत मास्क तोंडावरून उतरत नसे.

"नाक बसत नाही," हवालदार म्हणाला. दाराची चौकट तपासणाऱ्या सुताराच्या आवाजात.

"मशीन म्हणतंय तीच आहे," दोघींपैकी एक म्हणाली.

"मशीनला नाक कुठे दिसलं? मास्क होता ना. त्याने डोळे आणि कपाळ पाहिलं. डोळे मात्र अगदी तेच."

"कोणाचे डोळे?" बाईंनी विचारलं.

परदेशात नोकरी लावून देते म्हणून कितीतरी पोरांना फसवून एक बाई गायब झाली होती. दुसऱ्या शहरातल्या कोर्टाचं तिच्यावर वॉरंट होतं. ती बाई म्हणजे आपण, असं या माणसांचं म्हणणं आहे, हे कंपाउंडरबाईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा त्यांना हसू आलं, आणि कोणीच हसत नाही हे पाहून ते ओठांवरच वाळलं.

ओळखपत्र पाहून झालं. दवाखान्यात फोन झाला. डॉक्टरांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "ती फसवणार? अहो, ती गायीला सुई टोचण्याआधी गायीची माफी मागते." शेवटी हवालदाराने मान हलवली.

"जा. फक्त इथे उभ्या राहा. समोर बघा. आता उजवीकडे. आता डावीकडे."

"हे कशाला?"

"तपासून सोडलं, याची नोंद. तुमच्याच फायद्याची."

बाईंना फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. त्या समोर पाहत उभ्या राहिल्या, मग उजवीकडे, मग डावीकडे.

पुलापलीकडच्या थांब्यावर ताई नेहमीसारखी काठी टेकून बाकावर बसली होती. पाय सुजलेले, पण धाकटीला आणायला थांब्यापर्यंत येण्याचा हट्ट काही सुटत नव्हता. आई गेली तेव्हा बाई लहान होत्या आणि ताई लग्नाच्या वयाची. ताईने लग्न केलं नाही, बहिणीला वाढवलं. आता दर मंगळवारी बाई तिचं डोकं धुऊन देत, नखं कापून देत. त्यावर दोघी कधी काही बोलत नसत.

"धाकटे, किती वेळ? मी बाकाला मुळं फुटायची वाट बघत होते."

"पोलिसांनी धरलं होतं."

"तरी म्हटलं, एवढी शहाण्यासारखी कशी वागते ही."

केसांना साबण लावता लावता बाईंनी सगळं सांगितलं. ताई डोळे मिटून ऐकत होती. "चोरीच करायची होती तर एखादी दुभती गाय तरी आणायचीस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "फोटो दाखवला का तिचा?"

"नाही."

"मागायचास ना. बघितलं तरी असतं, हे असले डोळे आणखी कोणाच्या कपाळाखाली आलेत ते. डाव्या पापणीला कोंबडीने टोचलेलं आहे का तिच्या?"

लहानपणी खुराड्यात डोकावताना कोंबडीने चोच मारली होती. डोळा थोडक्यात वाचला, पण पापणीच्या कडेला बारीकशी खाच राहिली. ती ताईला ठाऊक होती आणि बाईंना. आरशात रोज दिसे, म्हणून ती आहे याची त्यांनाही आठवण करून द्यावी लागे.

दुसऱ्यांदा धरलं ते दवाखान्याच्याच कोपऱ्यावर. बाई दुपारच्या सुट्टीत मास्क लावूनच घोड्याच्या मलमाची खोकी उचलायला बाहेर आल्या होत्या. या वेळी गाडी होती, आणि नेलं ते चौकीत. तिथला तरुण शिपाई पडदा पाहून गोंधळला.

"साहेब, हा तर पुरुष आहे."

साहेबांनी चष्मा लावला. "मिशी तेवढी जुळत नाही," ते म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर खूश झाले.

 बाईंच्या डोक्यात ताईचं बोलणं होतं. "मला तो फोटो बघायचाय," त्या म्हणाल्या.

"आरोपीचा फोटो असा दाखवत नाहीत."

"तुम्ही मला त्याच्या जागी आणलंय. मग मी कोणाच्या जागी आले ते बघू तरी द्या."

शिपायाने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खांदे उडवले, आणि पडदा बाईंकडे वळला.

मोटारींचे सुटे भाग चोरणारा एक इसम. बैलासारखी मान, भरघोस मिशी, गालावर देवीचे व्रण. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, त्या रुंद चेहऱ्यात थोडेसे लहानच पडणारे, कंपाउंडरबाईंचे डोळे.

सारखे नव्हे. तेच. डाव्या पापणीच्या कडेला खाच होती. बुबुळात पांढरा चौकोनी ठिपका होता, दोन्ही डोळ्यांत एकाच जागी. तो ठिपका कशाचा, हेही बाईंना माहीत होतं. त्यांच्या नवऱ्याच्या जुन्या स्टुडिओत स्टुलाच्या समोर, थोडा वर, दुधी काचेचा चौकोनी दिवा असे.

कोणीतरी आपल्या घरात शिरून आपल्या बिछान्यावर झोपलेलं दिसावं, तसं त्यांना झालं. मिशीवाला त्यांच्याकडे त्यांच्याच नजरेने, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्या लाजऱ्या नजरेने बघत होता.

"काय झालं? ओळखीचा आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. "त्या पहिल्या बाईचा फोटो दाखवता का?"

त्या बाईचा चेहरा निमुळता, हनुवटी टोकदार. डोळे तेच.

सुटताना साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं, तेही वाईट वाटून. दोनदा माणूस ओळखून सोडता आलं, कारण हद्द ओळखीची. पण त्या पहिल्या बाईवर बाहेरचं वॉरंट आहे. दुसऱ्या शहरात यंत्राने धरलं तर तिथले लोक थेट कोर्टात उभं करतील. मग वकील, जामीन, तारखा. "आणि दवाखान्यातही आता वरपर्यंत कळलंय म्हणे. सरकारी नोकरी आहे बाई, सांभाळा. यातून मोकळं व्हायचा काहीतरी मार्ग काढा."

स्टुडिओत नवरा एका तान्ह्या बाळाच्या फोटोमागची आईची बोटं पुसून टाकत होता. बाळाला ओळखपत्र हवं होतं आणि बाळाने अजून मान धरली नव्हती, म्हणून आईने मागून धरलेलं. गल्लीत त्याला सगळे फोटोवाले म्हणत. शांत माणूस. त्याच्याकडे गिऱ्हाईक रडलं तरी बाहेर कळत नसे.

बाई त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, माझे डोळे तुम्ही कोणाकोणाला लावलेत?"

त्याचा हात थांबला. तो काहीतरी नाकारेल, निदान 'काय म्हणतेस' तरी म्हणेल, अशी बाईंची अपेक्षा होती. तो म्हणाला, "तुला कसं कळलं?"

 बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

"अगं, लोक पापणी मिटतात," तो म्हणाला. "किती सांगा, बटण दाबायच्या क्षणाला मिटतात. कोणी शेतावरून आलेलं, कोणी कामावर खाडा करून. माणूस घरी गेल्यावर मी पाहतो तर डोळे मिटलेले. ओळखपत्राच्या ऑफिसात असला फोटो परत करतात. मग त्या माणसाने पुन्हा खाडा करून यायचं? तेव्हा मी उघडे डोळे बसवायचो. रंग जुळवायचा, अंतर जुळवायचं. मुद्दाम बघितल्याशिवाय कळायचं नाही कोणाला."

"पण माझेच का?"

"तुझा एक फोटो होता ना. दिवा नवा आणला तेव्हा उजेड बघायला तुला बसवलं होतं. इतका नितळ उजेड डोळ्यांत पुन्हा कोणाच्या आला नाही." तो हे कौतुकाने सांगत होता, आणि सांगताना त्याच्याच लक्षात आलं असावं, कारण आवाज खाली गेला. "कोणाचं त्यात काही बिघडलं नाही."

"पुरुषांनाही?"

"डोळ्यांत बाई-पुरुष फारसं नसतं गं. भुवया त्यांच्या त्यांच्या ठेवायचो."

"आणि खाच?"

"कसली खाच?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं एका घरात, एका ताटाच्या अंतरावर. चेहऱ्यावरचा तीळ, मुरूम, सुरकुती पुसण्यात ज्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्या माणसाला बायकोच्या पापणीवरची खाच कधी दिसलीच नव्हती. ती त्याच्या लेखी डोळ्याचाच भाग होती. दिसली असती तर त्याने ती पहिल्याच दिवशी पुसली असती, आणि आज यंत्राला एवढी पक्की खूण सापडली नसती.

"किती जण?" त्यांनी विचारलं.

"आता कुठे आठवतंय. पुष्कळ."

"मला विचारलं होतंत?"

तो पडद्याकडे वळला. बाळ पडद्यावर मान नसल्यासारखं तरंगत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मुख्य पोलीस कचेरीत गेले. कॅमेऱ्यांचं काम पाहणाऱ्या इन्स्पेक्टर मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मध्येच त्यांनी दोन्ही फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले, मग बाईंच्या पापणीकडे पाहिलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. फोटोवाल्यांकडे वळून, "सरकारी ओळखपत्रावरचा फोटो बदलणं गुन्हा आहे, माहीत होतं?"

"फोटो बदलला नाही मॅडम. फक्त डोळे उघडले."

"त्यांचे मिटलेले ठेवून यांचे उघडलेत."

फोटोवाल्यांनी मान खाली घातली.

"माझं नाव त्या यादीतून काढा," बाई म्हणाल्या. "एवढंच म्हणणं आहे."

"तीच तर अडचण आहे. तुम्ही यादीत नाहीतच. यादीत ती बाई आहे आणि तो चोर आहे. जे नाहीच ते मी काढू कसं?"

"मग मला धरतात ते?"

"तुम्हाला नाही धरत. त्यांना धरतात. सापडता तुम्ही."

मॅडम हे थट्टेने म्हणत नव्हत्या. त्यांनी एक वाट सुचवली, आणि ऐकताना ती सरळ वाटली. स्टुडिओच्या संगणकात सगळे मूळ फोटो असतील. संगणक इथे आणून द्यावा. कचेरीतली माणसं मूळ चेहरे आणि दुरुस्त केलेले चेहरे लावून बघतील, जिथे जिथे बाईंचे डोळे असतील तिथे खरे चेहरे चढवतील. सगळं स्वच्छ होईल. फोटोवाल्यांवरची कारवाईही सौम्य करता येईल, स्वतःहून मदत केली म्हणून.

"स्वच्छ झाल्यावर ते फोटो पुसणार?" बाईंनी विचारलं.

"चांगले, स्पष्ट चेहरे कोण पुसतं, बाई?"

फोटोवाले घरी येताना वाटेतच म्हणाले, "उद्याच देऊन टाकू. सुटलो."

पण संगणकाच्या तारा काढायच्या आधी बाई त्याच्यासमोर बसल्या. भर दुपारी स्टुडिओचं दार अर्धं ओढलेलं, बाहेर सायकलींची ये-जा. आपले डोळे कुठे कुठे गेलेत ते त्यांना स्वतःला बघायचं होतं. एकेक कप्पा उघडू लागल्या. नवरा मागे उभा राहिला.

पहिले काही चेहरे बघून त्यांना त्या अवस्थेतही हसू आलं. कुरकुऱ्या वाण्याच्या चेहऱ्यावर आपली लाजरी नजर. मग ओळखपत्राचे फोटो संपले आणि दुसरे सुरू झाले.

समोरच्या शाळेतल्या बाई. ओठ फाटलेला, जबडा काळानिळा. समोरून, उजवीकडून, डावीकडून. कोर्टासाठी काढलेले. त्या बाई रोज दवाखान्यासमोरून जात, हात करत. त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. न्हाव्याचा फोटो, ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा काढण्याआधीचा, 'घरच्यांना आठवण राहावी' म्हणून काढून घेतलेला. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी, केस मुलासारखे कापलेले, हसतेय, इतकी मोकळी हसताना तिला गल्लीत कोणी पाहिलं नसेल. एक बाळ. डोळे मिटलेले, आणि ते कोणी उघडलेले नव्हते, कारण ते बाळ झोपलेलं नव्हतं.

"हे सगळं ठेवलंयत?"

"परत प्रत मागायला येतात लोक. शिंप्याची पोर म्हणाली होती, ठेवा, पण कोणाला दाखवू नका."

"आणि हे त्यांना नेऊन द्यायचं?"

"अगं, ते पोलीस आहेत. चोर नाहीत."

"माझे डोळे घेतलेत तेव्हा तुम्ही तरी कुठे चोर होतात?"

 तो बाजूचं स्टूल ओढून बसला. "नाही दिलं तर तुला नेतील," तो म्हणाला. "मला दंड होईल, दुकान बंद होईल, ते मी बघेन. पण तुला परगावच्या कोठडीत..." वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. बाईंनी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

त्यांनाही भीती वाटत होती. नोकरी, कोर्ट, अनोळखी शहरातली रात्र, आणि मंगळवारी थांब्यावर बसून राहिलेली ताई. पण शाळेच्या बाईंचा जबडा पडद्यावर होता. तो द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, याचं उत्तर त्यांना सापडत नव्हतं.

"त्या दोघांचेच मूळ फोटो काढा," त्या म्हणाल्या. "त्या फसव्या बाईचा आणि त्या मिशीवाल्याचा. बाकी एकही नाही."

मॅडमनी ते दोन फोटो घेतले. चिडल्या नाहीत. "दोन दिलेत, दोन दुरुस्त होतील," त्या म्हणाल्या. "तुमचे डोळे लावून फिरणारे बाकीचे आहेतच. उद्या त्यातला एखादा काही करेल."

"ते करतील तेव्हा बघू."

"एक सांगू? तुम्ही उगाच मोठा प्रश्न करताय. माणूस रस्त्यावर आला की त्याचा चेहरा दिसणारच. त्यात लपवायचं काय?"

"दिसतो ते ठीक आहे, मॅडम. मलाही रस्त्यावरचे लोक दिसतात. पण मी घरी नेऊन ठेवत नाही त्यांना."

मॅडम हसल्या, मनापासून हसल्या. फोटोवाल्यांच्या हातात नोटीस ठेवली, त्यांची सही घेतली. बाईंना दारापर्यंत सोडायला आल्या. "काळजी करू नका. तुम्हाला आता कोणी अडवणार नाही. तेवढी व्यवस्था मी केलीय."

बाईंनी त्यांचे आभार मानले. पायऱ्या उतरताना नवऱ्याने त्यांचा हात धरला, भर रस्त्यात. त्यांनी तो धरू दिला.

आणि खरंच कोणी अडवलं नाही. बाई मास्क लावून स्थानकात गेल्या, दवाखान्याच्या कोपऱ्यावर गेल्या, चौकीसमोरून मुद्दाम हळू चालत गेल्या. काही नाही. स्टुडिओला टाळं लागलं होतं, कारवाईचा निकाल व्हायचा होता, तोवर नवरा घरी भाजी चिरायचा आणि प्रत्येक वांग्याचे अगदी एकसारखे तुकडे करायचा. तरी घर हलकं झालं होतं. ताई म्हणाली, "आता माझी बहीण अधिकृतरीत्या निर्दोष. फ्रेम करून लावू." तिने नेहमीसारखा बस सुटेपर्यंत थांब्यावर बसून हात केला.

त्यापुढच्या मंगळवारी बाई फाटकातून आत आल्या, तेव्हा तो जाडसर हवालदार दारातच चहा पीत उभा होता. त्याने ओळखीचं हसू दिलं.

"काय बाई, निघालात? बहिणीकडे?"

"हो," म्हणून बाई दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. त्या दिवशी त्या खोलीत त्यांनी बहिणीचं नाव काढलं नव्हतं. मॅडमसमोरही नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पडद्यावर येतं की." त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट, नवीन शेगडी आणलेला माणूस शेजाऱ्याला घरात बोलावतो तसं त्याने बाईंना आत बोलावलं. "मॅडमनी तुमचे तीन फोटो चढवलेत. म्हणजे तुम्ही कुठेही दिसलात, मास्क असो नसो, मशीन सांगतं, ही आपली कंपाउंडरबाई, सोडा हिला. बघा."

बेवारशी छत्र्यांखालच्या पडद्यावर बाई स्वतःकडे पाहत होत्या. समोरून, उजवीकडून, डावीकडून. त्याखाली बाई फाटकातून येताना. बाई मलमाची खोकी उचलताना. बाई कचेरीच्या पायऱ्यांवर, नवऱ्याच्या हातात हात. बाई पुलापलीकडच्या थांब्यावर उतरताना, वेगवेगळ्या मंगळवारी, वेगवेगळ्या पिशव्या.

आणि बाजूला, हिरव्या चौकटीत, ताई.

बाकावर एकटी. नुकतंच धुतलेलं डोकं, काठीवर दोन्ही हात, तोंड किंचित उघडं. बस निघून गेल्यानंतरची ताई. हात करून झालेला, हसू उतरलेलं, आणि पाय उचलायची वेळ येईपर्यंत नुसतं समोर बघत राहिलेलं म्हातारं माणूस. तिचा असा चेहरा बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. ताईने तो त्यांना कधी दिसू दिला नव्हता.

"ही इथे का?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तिने काय केलंय?"

"काही नाही हो. तुम्ही भेटता ना तिथे. आणि डोळे बघा, एकाच साच्यातले. मशीन आपोआप दाखवतं, नात्यातली असण्याची शक्यता म्हणून. आम्ही काही करत नाही." त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि खुर्चीत बसला. "नाव तेवढं रिकामं आहे. सांगता का? भरून टाकतो. म्हणजे त्यांनाही कधी त्रास नको."

त्याची दोन बोटं कळफलकावर तयार होती. चेहऱ्यावर मदत करणाऱ्याचा भाव होता, आणि तो खोटा नव्हता. बाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे एवढे चेहरे वाचवले होते. आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून वाट काढत हे लोक ताईपर्यंत जाऊन बसले होते. तिला विचारायला कोणी गेलं नव्हतं. बाईंनाही नाही.

"बहीण ना तुमची?" हवालदाराने पुन्हा विचारलं.

"मला बहीण नाही," बाई म्हणाल्या.

त्याने वळून पाहिलं. "मग आत्ता 'हो' म्हणालात ते?"

"चुकून. मी पलीकडे कामाला जाते."

"आणि ही कोण?"

"कोण जाणे. थांब्यावर बसतात म्हातारी माणसं."

हवालदाराने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवून पडद्याकडे वळला. नावाची जागा रिकामीच राहिली. चौकट हिरवी ती हिरवीच.

बाई बाहेर आल्या. पुलापलीकडची बस लागली होती, दार उघडं होतं. त्या चढल्या नाहीत. फलाटाच्या खांबाला टेकून त्यांनी फोन लावला. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. म्हणजे ताई येऊन बसली होती.

"धाकटे, निघालीस का? आज बाकाला मुळं फुटली बघ."

"ताई, तू घरी जा."

"का गं? येत नाहीस? काय झालं?"

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगायला शब्द होते, पण आत्ताच जे तोंडून बाहेर पडलं होतं तेच जिभेवर पुन्हा येत होतं. बस सुरू झाली, समोरून गेली.

"तू आधी उठ तिथून," त्या म्हणाल्या.